सिंधुबाईच्या नावाचं रक्त

वेणीमाधव गर्गे निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती, तरी दूधवाल्याचं माप हातात घेऊन बुडाला पोचा नाही ना हे बघितल्याशिवाय ते दूध घेत नसत. सगळी नोकरी वजनमापे खात्यात इन्स्पेक्टर म्हणून नाशिक जिल्ह्यात गेली. देवळाली कॅम्पात एका वाण्याच्या तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेलं शिसं त्यांनी शोधून काढलं होतं. सुरगाण्याच्या बाजारात नागली मोजायच्या मापाला आतून दुसरा तळ बसवलेला होता, तोही त्यांनीच पकडला. पकडायची रीत ठरलेली. आपण स्वतः जायचं नाही, कारण आपला चेहरा ओळखीचा. खात्यातल्या बारकू शिपायाला गिऱ्हाईक म्हणून पाठवायचं, माल घेऊन यायचा आणि तोच माल दुसऱ्या काट्यावर घालून बघायचा.

"लग्नाआधी मलासुद्धा दोन काट्यांवर घातलं असेल ह्यांनी," सुमेधाताई शेजारणींना सांगायच्या आणि स्वतःच आधी हसायच्या.

सुमेधाताईंना मधुमेह होऊन दहा-बारा वर्षं झाली होती. गोळ्या चालू होत्या. त्या कधी घेतल्या जायच्या, कधी राहून जायच्या. पंचवटीत हिरावाडीकडच्या एका बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर दोघं राहत. मुलगा बंगलोरला. लिफ्ट नव्हती. भाजी घेऊन आले की वेणीमाधव पिशव्या उचलून सरळ वर जायचे, आणि सुमेधाताई प्रत्येक मजल्यावर कुणाशी ना कुणाशी बोलत मागून यायच्या. "तुम्ही व्हा पुढे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बायकोला गप्पांचा फार नाद, असं वेणीमाधव समजून होते. गल्लीत कुणाकडेही सवाष्ण जेवायची असली की पहिलं बोलावणं सुमेधाताईंना. जरीची साडी, मोठं कुंकू, हसरा चेहरा. त्यांना त्याचा अभिमान होता आणि वेणीमाधवांनाही होता, फक्त ते बोलून दाखवत नसत.

दोन हजार पाच साल. त्यांचे जुने डॉक्टर थकले आणि त्यांचा दवाखाना त्यांची मुलगी तेजश्री चालवू लागली. ती नुकतीच एमडी होऊन आलेली. फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून वेणीमाधवांनी तिला बघितलेलं.

तिने सुमेधाताईंचं प्रेशर बघितलं, पायांवर बोट दाबून बघितलं आणि विचारलं, "काकू, जिना चढताना धाप लागते का?"

"नाही बाई. मला काही होत नाही."

"छातीत कधी दुखतं?"

"छे."

तेजश्रीने कागदावर रक्ताच्या तपासण्या लिहिल्या. साखर, चरबी, आणि खाली एक नवीनच नाव. वेणीमाधवांनी चष्मा वर करून वाचलं.

"हे सीआरपी काय काढलंय? तुझ्या बाबांनी कधी लिहिलं नाही."

"काका, तेव्हा ही तपासणी इथे फारशी होत नव्हती. अंगात कुठे आतल्या आत सूज धुमसत असेल तर हा आकडा वाढतो. काकूंना ताप नाही, जखम नाही. मग साखरेच्या माणसात तो वाढलेला असला तर रक्तवाहिन्यांकडे बघायला हवं, हृदयाच्यासुद्धा. एवढ्या एका आकड्यावर मी काही ठरवणार नाही. पण साखर, प्रेशर, वय सगळं बरोबर धरलं की त्याला अर्थ येतो."

"तिला दुखत नाही म्हणते आहे ना ती."

"तेच तर आहे. वर्षानुवर्षं साखर वाढलेली असली की नसा बधिर होतात. दुसऱ्याला छातीत कळ येते, यांना बऱ्याचदा येतच नाही. म्हणून माणसाला विचारून भागत नाही. रक्ताला विचारावं लागतं."

बोलणं बिनतोड होतं, आणि बिनतोड बोलणाऱ्या माणसांशी वेणीमाधवांचा जन्मभर संबंध आला होता. ते सगळे पारड्याखाली शिसं लावत.

"हिरावाडीच्या नाक्यावरच्या लॅबमध्ये करा," तेजश्री म्हणाली.

एवढं एक वाक्य पुरलं. बाहेर पडल्यावर ते सुमेधाताईंना म्हणाले, "ऐकलंस? नाक्यावरच्याच लॅबमध्ये. दुसरीकडे का नाही?"

"जवळ आहे म्हणून सांगितलं असेल."

"लॅबवाल्याचा वाटा जात असतो डॉक्टरकडे. वाईट रिपोर्ट आला की पुढच्या तपासण्या, पुढच्या गोळ्या. साखळीच आहे ती. काही ठिकाणी तर म्हणे रक्त मोरीत ओततात आणि मनाला येईल तो आकडा लिहितात."

"अहो, तेजश्री आहे ती. आपल्याकडे पुरणपोळी खाऊन गेलीय लहानपणी."

"कॅम्पातला वाणीही मला मामा म्हणायचा."

त्यांनी बेत ठरवला. एकाच सकाळी, एकाच बाईचं, उपाशीपोटीचं रक्त दोन लॅबमध्ये द्यायचं. पहिलं नाक्यावर, सुमेधा गर्गे या नावाने. दुसरं नाशिकरोडला, जिथे आपल्याला कुणी ओळखत नाही. तिथे नावही वेगळं. सिंधुबाई. दोन्ही रिपोर्ट जुळले तर ठीक. नाही जुळले तर चोर सापडला.

"मी सिंधुबाई?" सुमेधाताईंना हसू आवरेना. "मग तुम्ही कोण? आणि तुमच्या त्या बारकूसारखं मला धोतरही नेसवणार का?"

"चेष्टा नको. आणि दुसरं रक्त देईपर्यंत तोंडात काही घालायचं नाही. पाणी चालेल."

ठरल्याप्रमाणे सकाळी नाक्यावरच्या लॅबमध्ये रक्त दिलं. वेणीमाधवांनी नळीवरचं नाव वाचून घेतलं. तिथून निमाणी स्टँडवर जायचं, तर भुरभुर सुरू झाली. छत्री घरी राहिलेली. बिल्डिंगपाशी आल्यावर सुमेधाताई पहिल्या मजल्यावर थांबल्या. "तुम्ही घेऊन या. मी सगुणाबाईंकडे टेकते." वेणीमाधव वर गेले, छत्री माळ्यावर टाकली होती ती शोधून काढली, खाली आले. बसने नाशिकरोड गाठलं. तिथली नर्स "सिंधुबाई" म्हणून हाक मारायची आणि सुमेधाताई ढिम्म बसून राहायच्या. शेवटी वेणीमाधवांनी कोपराने ढोसलं.

"काही खाल्लं नाही ना आजी?" नर्सने सुई लावताना विचारलं.

"नाही गं बाई. उपाशी आहे."

दोन दिवसांनी रिपोर्ट आले. वेणीमाधवांनी ते जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि त्यांचा चेहरा पूर्वी छापा यशस्वी झाल्यावर व्हायचा तसा झाला. नाक्यावरच्या लॅबने साखर एकशे बासष्ट लिहिली होती. नाशिकरोडने दोनशे अठ्ठेचाळीस. ट्रायग्लिसराइड नावाची चरबी इथे एक, तिथे जवळजवळ दीडपट.

"एकच बाई. एकच सकाळ. सापडले!"

"कोण सापडलं?" सुमेधाताई ताक घुसळत होत्या.

"दोघांतला एक तरी खोटा आहे. कदाचित दोघेही. बस, आता या लोकांच्या नादी लागायचं नाही."

ते दोन्ही रिपोर्टांची पहिली पानं, ज्यांवर तफावत होती तेवढीच, घेऊन दवाखान्यात गेले. बरोबर सुमेधाताई. सिंधुबाई कोण ते वेणीमाधवांनी सांगितल्यावर तेजश्रीने पानं बघितली, कपाळाला आठी घातली.

"काका, मधल्या वेळात काकूंनी काही खाल्लं होतं का?"

"माझी बायको उपाशी म्हणाली म्हणजे उपाशी."

सुमेधाताईंनी पदर सारखा केला.

"आणि सीआरपी? ते पान कुठे आहे?"

"ते कशाला? ज्याला किलो मोजता येत नाही त्याने गुंजा बरोबर मोजल्या असतील का?"

"काका, ते पान मला आणून दाखवा. आणि रिपोर्ट राहू द्या बाजूला, हृदयाची पट्टी, ईसीजी, तर आत्ता इथे काढू. पाच मिनिटांचं काम आहे. या दोन गोळ्याही लिहून देते, रक्त पातळ राहायची आणि चरबीची."

"म्हणजे आलीच साखळी," वेणीमाधव उठले. "तेजश्री, तू लहान आहेस म्हणून जास्त बोलत नाही. मी ग्राहक मंचात जाणार आहे. त्यात तुझं नाव येऊ देणार नाही, एवढंच."

तेजश्री सुमेधाताईंकडे वळली. "काकू, तुम्ही तरी सांगा."

"मला काही होत नाही गं. आणि परवा नवमी आहे, मामांकडे सवाष्ण जायचंय मला. ती होऊ दे, मग काढू तुझी पट्टी."

सुमेधाताईंचे मामा रामकुंडाजवळ राहत. घराण्यात यात्रेकरूंचं उपाध्येपण. मामी मामांच्या आधी गेल्या, सवाष्ण गेल्या, म्हणून दरवर्षी पितृपक्षात अविधवा नवमीला त्यांच्या नावाने सवाष्ण जेवायची. ती सवाष्ण सुमेधाताई. मामी त्यांच्या फार लाडक्या होत्या.

नवमीच्या सकाळी सुमेधाताई हिरवं लुगडं नेसून निघाल्या. दारात क्षणभर चौकट धरून उभ्या राहिल्या.

"काय झालं?"

"काही नाही. निरीचा काठ पायात आला."

त्या गेल्या, आणि वेणीमाधव ग्राहक मंचाचा अर्ज लिहायला बसले. अर्जात कसूर नको, म्हणून सगळे आकडे, जुळणारे आणि न जुळणारे, शेजारी शेजारी मांडायचे असं त्यांनी ठरवलं. बाजूला सारलेली दुसरी पानं त्यामुळे पहिल्यांदाच नीट बघितली गेली. सीआरपी. नाक्यावरची लॅब, सहा पूर्णांक चार. खाली बारीक अक्षरात छापलेलं, तीनच्या वर धोका जास्त. त्यांनी नाशिकरोडचं पान उलटलं. सहा पूर्णांक सहा.

पेन थांबलं.

हे जुळायला नको होतं. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मग मनात आलं, दोघांचं संगनमत असेल. एकाने दुसऱ्याला फोन केला असेल. पण काय सांगणार फोनवर? नाक्यावरच्याला सिंधुबाई माहीत नाही, नाशिकरोडच्याला सुमेधा माहीत नाही. रिपोर्ट निघाले तेव्हा हे दोन कागद एकाच बाईचे आहेत हे नाशिकमध्ये फक्त दोन माणसांना माहीत होतं. ती व्यवस्था त्यांनीच केली होती, आणि चोख केली होती. तिच्यात फट शोधायचा त्यांनी खूप प्रयत्न केला. फट नव्हती.

नव्या निरीक्षकांना ते स्वतःच शिकवत आले होते. एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन बाजारांतल्या दोन काट्यांनी एकच वजन दाखवलं तर काट्यांवर संशय घेऊ नका. वजन तेवढंच आहे.

मग साखर का नाही जुळली? दोन्ही काटे खरे, तर मधे माल बदलला असला पाहिजे. मधे. ते ती सकाळ पहिल्यापासून आठवत गेले. लॅबपासून बिल्डिंगपर्यंत ती बरोबर होती. बसमध्ये बरोबर होती. नजरेआड झाली ती फक्त छत्री आणायला गेलो तेव्हा.

ते तसेच जिना उतरून पहिल्या मजल्यावर गेले. सगुणाबाई दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"या इन्स्पेक्टरसाहेब. आज आमच्यावर छापा?"

"त्या दिवशी सकाळी, पाऊस होता तेव्हा, सुमेधाने तुमच्याकडे काही खाल्लं का?"

"खाल्लं कुठे? प्रसाद घेतला. आदल्या संध्याकाळी पौर्णिमेचा सत्यनारायण होता, त्या आल्या नव्हत्या, म्हणून ठेवलेला शिरा दिला. आधी नको म्हणाल्या. मग म्हणाल्या, प्रसाद नाही म्हणू नये, आणि प्रसादाने का कुणाचा उपास मोडतो?"

"किती दिलात?"

"अगंबाई! प्रसाद काय मोजून देतात? ही वाटी बघा."

वेणीमाधवांनी वाटी हातात घेतली. चांगली खोलगट होती. साजूक तूप, साखर, केळं. ती खोटं बोललीच नव्हती. तिच्या हिशेबी ते खाणंच नव्हतं.

"रागवू नका हो त्यांना," सगुणाबाई म्हणाल्या. "मलाच वाईट वाटलं होतं त्यांची अवस्था बघून. इथपर्यंत येईस्तोवर घामाने ओल्या. हल्ली रोजच बसतात माझ्याकडे. मी म्हटलं, साहेबांना सांगा. तर म्हणतात, त्यांना सांगितलं की ते सगळं गाव तपासत सुटतील."

"रोज बसते?"

"तुम्ही पिशव्या घेऊन वर गेलात की. एकदा इथे, एकदा दुसऱ्या मजल्यावर पायरीवर. तुम्हाला ठाऊक नाही?"

दूधवाला, वाणी, रिक्षावाला, डॉक्टर, लॅब, सगळ्यांवर त्यांनी संशय घेतला होता. एका माणसाच्या शब्दावर कधीच घेतला नव्हता. मला काही होत नाही. आणि सकाळची ती दाराची चौकट. निरीचा काठ पायात आला म्हणे. बेचाळीस वर्षं लुगडं नेसणाऱ्या बाईच्या पायात काठ येत नाही.

ते वाटी हातात घेऊनच रस्त्यावर आले आणि रिक्षात बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मीटर पडलं का ते बघितलं नाही.

मामांकडे पानं वाढून झाली होती. पितरांचा नैवेद्य दाखवून झाला होता. सुमेधाताई पाटावर बसल्या होत्या, पुढे केळीच्या पानावर खीर, वडे, अळूची भाजी. मामेभाऊ यशोधन खिरीची पळी घेऊन उभा होता.

"या भाऊजी, बरे आलात. ताई आज नीट जेवतच नाहीये. पित्त झालंय म्हणते. आल्याचा रस दिला मघाशी."

वेणीमाधव पाटासमोर गुडघ्यावर बसले. सुमेधाताईंच्या वरच्या ओठावर घाम होता. पंखा तर गरगर फिरत होता. कुंकवाखाली चेहरा राखेसारखा.

"काय होतंय?"

"काही नाही हो. तुम्ही कशाला आलात? उकडतंय जरा."

"सुमेधा, मी सगुणाबाईंकडून आलोय."

सुमेधाताईंनी त्यांच्या हातातली वाटी बघितली आणि डोळे खाली घातले.

"दुखत नाही. खरंच दुखत नाही," त्या हळू म्हणाल्या. "नुसतं पोटात ढवळतंय. आणि सकाळपासून हाताला बळ नाही. श्वास पुरत नाही."

"ऊठ. जायचंय."

"अहो, पानावरून? मामींचं पान आहे हे."

ओसरीवरून मामा उठून आले. ऐंशीच्या घरातले, सोवळ्यात. "वेणीमाधवराव, काय चाललंय? सवाष्ण अर्ध्या पानावरून उठत नसते. आमची ही उपाशी जाईल. चार घास होऊ देत, मग न्या."

"मामा, मामी सवाष्ण गेल्या, तुम्ही त्यांचं भाग्य म्हणता. असेल. मला हिला तशी पाठवायची नाही."

  मामांनी सोवळं न बघता स्वतः वाकून भाचीचा दंड धरला आणि यशोधनवर ओरडले, "बघतोस काय? गाडी काढ."

दवाखान्यात तेजश्रीने पट्टी काढली. पाच मिनिटंही लागली नाहीत. कागद बघून तिने गोळी चघळायला दिली आणि स्वतः गाडीत बसून त्यांना गंगापूर रोडच्या हृदयाच्या हॉस्पिटलात घेऊन गेली. झटका सकाळपासून चालू होता. घरून निघताना दारात चौकट धरली, तेव्हाच कधीतरी सुरू झालेला.  उतरताना वेणीमाधव तेजश्रीला म्हणाले, "ते दुसरं पान. दोन्हीकडे सारखंच आलंय."

"येणारच काका," ती म्हणाली. "शिरा खाऊन ते बदलत नाही."

"तुला शिऱ्याचं कुणी सांगितलं?"

"काकूंनी. तुमच्यामागून फोन केला होता त्यांनी. म्हणाल्या, ह्यांना कळू देऊ नकोस, फार मनाला लावून घेतात. मी तुम्हाला दोनदा फोन लावला. तुम्ही माझा आवाज ऐकून ठेवून दिलात."

हॉस्पिटलात बरेच दिवस गेले. एक रक्तवाहिनी बंद होती, दुसरी अर्धी. फुगा घालून उघडल्या. तिथे रोज रक्त घ्यायला माणूस यायचा, आणि वेणीमाधव नळीवरचं नाव वाचून घ्यायचे. सुमेधा गर्गे. मगच नेऊ द्यायचे. गोळ्या ते स्वतः मोजून हातावर ठेवत आणि गिळून झाल्यावर "तोंड उघड" म्हणत. सुमेधाताई नर्सला म्हणायच्या, "बघितलंस? आता माझ्यावरच छापा."

दिवाळीच्या आधी त्या घरी आल्या. बिल्डिंगच्या दाराशी रिक्षा थांबली. सगुणाबाई भाकरतुकडा ओवाळायला उतरून आल्या होत्या. त्यांची वाटी वेणीमाधवांनी आठवणीने परत केली. मग जिना. पहिला मजला झाला. सुमेधाताईंनी कठड्याला हात लावला.

"तुम्ही व्हा पुढे," त्या म्हणाल्या. "मी येते मागून. मला काही नाही झालेलं."

वेणीमाधवांनी दोन्ही पिशव्या खाली ठेवल्या, खिशातला रुमाल काढून पायरी झटकली आणि तिच्यावर बसले. मग शेजारची झटकली.

"अहो, लोक काय म्हणतील? जिन्यात बसलेत म्हणून."

"बस."

त्या बसल्या. वेणीमाधव पुढे बघत राहिले आणि शेजारचा श्वास ऐकत राहिले. तो अजून जोरात होता. थोडा कमी झाला. आणखी थोडा.

"आता जाऊ या?" सुमेधाताई म्हणाल्या. "बरं वाटतंय."

त्यांनी विश्वास ठेवला नाही. आणखी थोडा वेळ तिथेच बसवून ठेवलं.